सिस्टरचं घर कुणाच्या नावावर

सिस्टरला त्या दिवशी एकच शब्द खोटा बोलायचा होता, आणि तोही पुरता खोटा नव्हता. तहसील कचेरीतल्या कारकुनानं वारसदाखल्याच्या अर्जावरून नजर न उचलता विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?" मी तिच्या शेजारी उभी राहून मनातल्या मनात घोकत होते, बायको म्हण, सही कर आणि चल घरी.

"कोणी नाही," सिस्टर म्हणाली. "आम्ही बरोबर राहत होतो. तेवीस वर्षं."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानंही मान वर केली.

"अम्मा, इथं एक रकाना आहे. त्यात काय लिहू?"

"जे आहे ते लिहा."

"जे आहे ते या रकान्यात बसत नाही."

मग त्यानं, मला वाटतं दया येऊनच, 'घरकाम करणारी' असं लिहिलं. सिस्टरनं ते उलट्या बाजूनं वाचलं, हात पुढे करून कागद घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. सकाळी आठपासून आम्ही त्या कागदासाठी रांगेत होतो. माझी कचेरीतली अर्ध्या दिवसाची रजा गेली होती. बाहेर उन्हात आल्यावर मी तिच्याशी बसस्टॉपपर्यंत एक शब्द बोलले नाही.

"रागावलीस," ती म्हणाली. "मी आधीच सांगितला होता, मी खोटं बोलणार नाही. तू चल म्हणालीस म्हणून मी आलो."

'मी आलो' असंच म्हणाली ती. सिस्टर तमिळ. तिनं आमची तंजावरी मराठी माझ्या काकांकडून उचलली, आणि तमिळमध्ये 'मी' बोलताना बाई-पुरुष असा भेद नसल्यामुळे काका जसे बोलत तसंच ती बोलायची. मी जातो, मी स्वयंपाक करतो, मला कळला. लहानपणी आम्ही तिची नक्कल करून हसायचो. पुढे वाचून-शिकून मी पुस्तकी मराठी लिहू लागले, पण सिस्टरचं बोलणं त्या मराठीत बसवायला गेले की ती मला परकी वाटते. म्हणून ती बोलायची तसंच ठेवते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मद्रासच्या एका सरकारी खात्यात नकाशे काढायचे. सिस्टर बायकांच्या सरकारी इस्पितळात नर्स होती. आम्ही, शेजारी, दूधवाला, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. काकाही सिस्टरच म्हणायचे. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं आणि तेराव्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसह माहेरी पोचवलं आणि परत कधी चौकशी केली नाही. ती शिकली, नर्स झाली. काकांची नि तिची ओळख कशी झाली ते आम्हांला कुणी सांगितलं नाही. घरात एवढंच माहीत होतं की काकांनी लग्न करतो म्हटल्यावर माझ्या आजीनं अन्न सोडलं, आणि तीन दिवसांनी काकांनी शब्द दिला की लग्न करणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. लग्न केलं नाही. अड्यारला, तेव्हा तिथं नारळ आणि सुरूची झाडंच जास्त होती, जागा घेतली, स्वतः नकाशा काढून दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं आणि तिथं सिस्टरबरोबर राहू लागले. आजीला जेवण गोड लागायला लागलं. असल्या तडजोडी आमच्या घराण्याला फार छान जमतात.

आजी गेल्यावर काकांनी सिस्टरला तीनदा विचारलं. आता करू या? तिनं तिन्ही वेळा नाही म्हटलं. मी एकदा कारण विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"आता लग्न केला, तर आधीची अठरा वर्षं मी कोण होतो? ती वर्षं वाईट होती असं मीच कबूल करायचं?"

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ते उत्तर फार आवडलं होतं. चोविसाव्या वर्षी, त्या तहसील कचेरीबाहेर, मला ते उत्तर ऐकवेना.

कारण मधल्या काळात मी एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले होते आणि मृत्युपत्राशिवाय मेलेल्या माणसांच्या मागे काय होतं ते रोज टाइप करत होते. नोकरी लागल्याच्या पहिल्याच महिन्यात मी अड्यारला जाऊन काकांना म्हटलं होतं, "काका, घर सिस्टरच्या नावे लिहून ठेवा. साध्या कागदावर चालतं. मी टाइप करून आणते."

काका पेन्सिलीला टोक करत होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या टेबलावर सहा पेन्सिली टोक काढून ओळीनं ठेवलेल्या असत. म्हणाले, "अगो, सगळं तिचंच आहे की. त्यात लिहायचं काय?"

"तिचं आहे हे तुम्हांला माहीत आहे. कायद्याला माहीत नाही."

"कायद्याला एवढंही कळत नाही होय?" आणि हसले. मी तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा हसले. ज्या माणसानं घराच्या मोरीचा उतारसुद्धा मोजून कागदावर काढला होता, त्याला ही एक ओळ लिहायची गरज वाटली नाही. पुढच्या वर्षी जानेवारीत एका दुपारी नारळाच्या आळ्यात पाणी सोडताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मला रडू आलं, पण खरं सांगते, आठवड्याभरात रडण्याची जागा संतापानं घेतली.

नवा वारसा कायदा येऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या वकिलांनी मला नीट समजावलं. बायको नाही, मूल नाही, आईबाप नाहीत, म्हणजे भाऊ आणि बहीण, अर्धं-अर्धं. भाऊ म्हणजे माझे अप्पा. बहीण म्हणजे कुंभकोणमची आत्या. सिस्टर कुठंच नाही.

"पण एक वाट आहे," वकील म्हणाले. "इतकी वर्षं नवरा-बायकोसारखे राहिले असतील तर कोर्ट लग्न झालं होतं असं धरून चालतं. कुणी उलट सिद्ध करेपर्यंत. त्या बाईंनी फक्त हो म्हणावं. एखाद्या देवळात माळ घातली म्हणाव्यात. तुझे वडील आड येणार आहेत का?"

अप्पा आड येणार नव्हते. "तिनं लग्न झालं म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही," ते म्हणाले. "फक्त मला हो म्हणायला सांगू नका." अप्पा शाळामास्तर होते. कधी कुणाला दुखावलं नाही आणि कधी कुणाच्या बाजूनं उभे राहिले नाहीत.

एवढं सगळं जुळवून मी सिस्टरला त्या टेबलासमोर नेलं होतं, आणि तिनं अर्ज फाडला.

"एक शब्द!" बसमध्ये शेवटी मी म्हटलंच. "एक शब्द म्हटला असतास तर घर तुझं होतं."

"घर माझंच आहे," ती म्हणाली. "त्यानं तीनदा विचारला, मी तीनदा नको म्हणालो. आता तो नाही तर मी हो म्हणू? घरासाठी?"

मी दोघींची तिकिटं काढली.

दाखला निघाला तो अप्पा आणि आत्या यांच्या नावे. तमिळमध्येही वारसाला 'वारिसु'च म्हणतात. अप्पा तो कागद हातात घेऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला कशाला हवं आहे घर? देऊन टाकू तिला." मला वाटलं, सुटले. त्याच संध्याकाळी मी दानपत्राचा मसुदा टाइप केला. अप्पांनी चष्मा लावून वाचला.

"'माझ्या दिवंगत भावाची सहचारिणी' हे काय लिहिलंस? हे कायमचं दप्तरात राहणार. उद्या तुझं लग्न ठरवायचं आहे."

"मग काय लिहू?"

"'दीर्घकाळ केलेल्या सेवेबद्दल' असं लिही. सभ्य दिसतं."

दुसरा मसुदा घेऊन मी अड्यारला गेले. सिस्टरनं वाचून परत दिला. "मी सेवा इस्पितळात केला. त्याचा पगार मिळाला. घरात मी राहत होतो."

तिसऱ्यात मी 'मैत्रीण' लिहिलं. अप्पा लालबुंद झाले. चौथ्यात 'परिचित' लिहिलं. त्यावर सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला. "तेवीस वर्षांनी परिचय झाला!" पाचव्यात मी नातं गाळूनच टाकलं, तर आमचे वकील म्हणाले, कारण न देता परक्या बाईला घर दिलं तर उद्या तुझा भाऊच फसवणुकीचा दावा लावील. पाच मसुदे, प्रत्येकाच्या तीन कार्बन प्रती. घर द्यायला देणारा तयार, घ्यायला घेणारी तयार, आणि दोघांच्या मध्ये मी टाइपरायटर घेऊन बसलेली.

अशात आत्या आली. पत्र टाकून कळवलं होतं, तरी आम्ही सगळे धास्तावलो. आत्या कडक. लाल लुगडं नेसणारी, सोवळ्याओवळ्याची, अड्यारच्या घराची पायरी तिनं कधी चढली नव्हती. तरुणपणी विधवा झाली आणि दिरांच्या घरात मागच्या खोलीत तीस वर्षं काढली. स्टेशनवरून ती आमच्या घरी आलीच नाही. सामान माझ्या डोक्यावर टाकल्यासारखं सोपवून म्हणाली, "अड्यारला चल."

सिस्टर दारात उभी होती. आत्यानं घर बाहेरून पाहिलं, मग आतून, मग विहीर, मग नारळ मोजले.

"हे अर्धं माझं?" तिनं मला विचारलं.

"हो, आत्या. पण आम्ही असं ठरवतोय की..."

"ते मला कळलंय. देईन. पण आठ दिवस राहू दे माझ्या नावावर."

"आठ दिवसांनी काय होणार आहे?"

"काही होणार नाही," आत्या म्हणाली. "माझ्या नावावर आजपर्यंत एक भांडंसुद्धा नव्हतं. आठ दिवस राहीन की मी माझ्या घरात."

स्टँप पेपर आणून ठेवलेला, वकिलांनी वेळ दिलेली. मी कपाळावर हात मारला. पण आत्या राहिली. सिस्टरच्या हातचं तिला चालत नव्हतं, म्हणून परसात वेगळी शेगडी मांडली. विहिरीचा दोर वेगळा. पहिल्याच दिवशी तिनं तुळस उत्तरेकडून उचलून पूर्वेकडे ठेवली, सिस्टरनं ती परत उत्तरेकडे नेली. आत्या म्हणे, अर्धं अंगण माझं. सिस्टर म्हणे, मग तुमच्या अर्ध्यात ठेवा, माझ्यात कशाला? हे तमिळमध्ये सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. मी रोज कचेरीतून तडक अड्यारला जायची आणि रोज काही नवं मिटवायची. आत्या सकाळी खुर्ची टाकून ओसरीवर बसायची आणि रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवालीला सांगायची की हे घर माझं आहे. सिस्टर आतून ऐकायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी आले तेव्हा दोघी ओसरीवर होत्या, एक खुर्चीत, एक पायरीवर. आत्या विचारत होती, "तो शेवटी काही बोलला का?"

"पाणी बंद कर म्हणाला," सिस्टर म्हणाली. "आळं भरला होता."

आत्यानं नारळाच्या आळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लहानपणीही असाच होता. पाणी वाया गेलेलं खपायचं नाही." आणि नाक पुसून उठली आणि शेगडीवरचा भात उतरवायला गेली. मला वाटलं, झालं, आता गोडी होणार. दुसऱ्या दिवशी तुळशीवरून पुन्हा वाजलं.

नवव्या दिवशी वकिलांच्या कचेरीत आत्यासाठी केलेला मसुदा तिला वाचून दाखवला. वकिलांनी नेहमीच्या दानपत्रातलं ठरलेलं वाक्य घातलं होतं, 'स्वाभाविक प्रेम आणि आपुलकी यांपोटी.'

"आपुलकी?" आत्या म्हणाली. "मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली आहे. काढा ते."

"अम्मा, हे घातल्यानं कागद पक्का होतो. सगळ्या दानपत्रांत असतं."

"सगळ्या दानपत्रांत खोटं असतं तर मग असू दे."

मी घाबरून सिस्टरकडे पाहिलं. खोटं नको म्हणून कागद फाडणारी ती. पण ती शांतपणे म्हणाली, "ते तिचं खोटं आहे, माझं नाही. तिला सही करू दे." मला दोघींना एकदम एका खोलीत कोंडून कुलूप लावावंसं वाटलं.

नोंदणी कचेरीत अधिकाऱ्यानं विचारलंच, "या तुमच्या कोण?" सिस्टरनं तोंड उघडायच्या आत आत्यानं तिच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाली, "आमच्या घरची." अधिकाऱ्याला तेवढं पुरलं. त्यानं दोघींच्या अंगठ्यांना शाई लावली आणि अर्धं घर सिस्टरचं झालं. आत्या त्याच दुपारच्या गाडीनं परत गेली. तिला पोचवताना मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, "बापाला सांग, सही कर म्हणावं. फार विचार करतो."

अप्पांनी सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. "बघू." "शाळेच्या परीक्षा होऊ देत." "तिला घराबाहेर कोण काढतंय?" हे शेवटचं वाक्य ते इतक्या खरेपणानं म्हणत की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. दर रविवारी ते अड्यारला जात, ओसरीवर बसून सिस्टरच्या हातची कॉफी पीत, नारळ उतरवायला झालेत का ते बघत. भाडं मागितलं नाही, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त सिस्टरनं मागची भिंत पाडून खिडकी करायचं म्हटलं तेव्हा म्हणाले, "मला विचारायला हवं होतं." स्वतःच्या घरात खिडकी पाडायला ती त्यांना विचारणार! तिनं विचारलं नाही आणि खिडकीही पाडली नाही. दोन वर्षं अशी गेली.

मग एक दिवस वकील माझ्याकडून दुसऱ्याच कुणाचं प्रकरण टाइप करून घेत होते. बाई विधवा, मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. मालमत्ता कुणाला? नवऱ्याच्या वारसांना. माझी बोटं थांबली.

"सार, नवरा पन्नास वर्षांपूर्वी मेला असला तरी?"

"तरी. कायद्यानं ती त्याचीच बायको."

मी त्या दिवशी थेट अड्यारला गेले. सिस्टरला म्हटलं, मृत्युपत्र कर. ती म्हणाली, करू, शुक्रवारी. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. काका परत आले की काय असं वाटलं.

"शुक्रवारी नाही, आत्ता. तू उद्या गेलीस तर हे अर्धं घर कुणाचं होईल माहीत आहे? तुझ्या त्या नवऱ्याच्या पुतण्यांचं. ज्यांनी तुला ट्रंक देऊन हाकललं त्यांच्या पोरांचं."

तिला आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"तेवीस वर्षं ज्याच्याबरोबर राहिलो त्याची मी कोणी नाही," ती म्हणाली, "आणि ज्याचा तोंड मला आठवत नाही त्याची मी बायको?"

"कायद्यानं, हो."

काकांची एक पेन्सिल तिनं उचलली. मी म्हटलं, शाईनं लिही. शाई सापडेपर्यंत ती खोलीभर फिरत, त्या मेलेल्या मुलाला नाही, त्या कायदा करणाऱ्यांना, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या तमिळ शिव्या देत होती. मग बसून तिनं पाच ओळी लिहिल्या. शेजारचे पोस्टमास्तर आणि त्यांची बायको साक्षीदार. कागद मी वाचला. घर माझ्या नावे.

"मला कशाला?"

"मग कुणाला? पाच वेळा तूच लिहिलंस की."

"लोक काय म्हणतील? म्हणतील यासाठीच मी खेपा घालत होते."

"म्हणू दे. तुझ्या बापाला पहिलं सांग."

सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी आपल्याच घरात येणार." आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या अर्ध्याचं दानपत्र करून दिलं, 'स्वाभाविक प्रेम आणि आपुलकी'सकट, एक शब्द न बदलता. दोन वर्षं ज्या सहीसाठी मी डोकं फोडलं ती त्यांनी चहाच्या घोटासारखी केली. मी रागानं चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि आई मलाच विचारत राहिली की हवं होतं ते मिळालं तर तोंड का पाडून बसली आहेस.

सिस्टरनं दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि मागची भिंत फोडून खिडकी केली. ती आणखी सहा वर्षं जगली. पुढची खोली तिनं इस्पितळातल्या दोन तरुण नर्सना राहायला दिली आणि त्यांच्यावर आत्यासारखीच खेकसायची. ती गेल्यावर घर माझ्याकडे आलं, आणि माझ्या भावानं, वकील म्हणाले होते तसा दावा लावला नाही, पण चार वर्षं माझ्याशी अबोला धरला.

अप्पांची तक्रार मात्र वेगळी होती. "एवढं घर देऊन टाकलं," ते जेवताना म्हणायचे, "पण त्या बाईनं एकदाही आभार मानले नाहीत."

"घर तिचंच होतं, अप्पा."

"कायद्यानं नव्हतं."

मग आई ताक वाढायची आणि आम्ही दोघंही भात कालवायचो.